वाचले असे समजून कायम

सन २०४१ मध्ये मानवजातीने विसरण्यावर अंतिम विजय मिळवला. तसं रीतसर जाहीरच झालं. तिळाएवढ्या चकतीत जगातली सगळी ग्रंथालयं मावतील आणि त्या चकतीवर लिहिलेलं अक्षर पुढची दहा हजार वर्षं पुसलं जाणार नाही, असं सात देशांच्या शास्त्रज्ञांनी एका व्यासपीठावर उभं राहून सांगितलं. त्यातल्या दोघांचे डोळे पाणावलेलेही जगाने पाहिले.

भुसावळच्या रमाकांत अत्तरद्यांनी ती चकती बसवलेला लॅपटॉप त्याच दिवाळीत घेतला. पुढच्या मे महिन्यात तो बंद पडला. दहा हजार वर्षांपैकी सहा महिने आणि अकरा दिवस झाले होते.

त्याच्या पुढच्या एप्रिलात चकती पुन्हा गेली. २०४४ च्या मे महिन्यात तिसऱ्यांदा गेली, तेव्हा अत्तरदे घाबरलेही नाहीत. त्यांनी पंचांग बघितलं आणि म्हणाले, "यंदा आठवडाभर उशीरच झाला."

दोष शास्त्रज्ञांचा नव्हता. त्या चकतीत एकेक अक्षर आठ-दहा अणू कोणत्या बाजूला कलले आहेत, यावर लिहिलेलं असे. अणू शाळकरी पोरांसारखे असतात; गार हवेत सांगितल्या जागी बसतात, उकाडा झाला की चुळबुळ करतात. चुळबुळ वाढली की जागा बदलतात, आणि जागा बदलली की अक्षर गेलं. कंपनीची हमी चाळीस अंशांपर्यंत होती. ज्या देशांत चाचण्या झाल्या तिथे चाळीस अंश ही राष्ट्रीय आपत्ती होती. भुसावळात मे महिन्यात चाळीस अंश झाले की लोक म्हणतात, आज जरा बरं आहे.

अत्तरदे बहात्तर वर्षांचे. रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात चौतीस वर्षं काढली, आणि 'प्रस्थान सहकारी गृहनिर्माण संस्थे'चे ती निघाल्यापासून सचिव. संस्थेत सोळा बिऱ्हाडं, बहुतेक निवृत्त रेल्वेवाल्यांची. संस्थेचं नाव ठेवताना सभासदांच्या वयाचा विचार कोणी केला नव्हता. लॅपटॉपवर अत्तरद्यांचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. होती ती संस्थेची इतिवृत्तं. सभेत कोण काय बोललं याची पंचवीस वर्षांची नोंद, तीनशे बारा पानं. कागदी वह्या नवीन नियमाप्रमाणे केव्हाच लगद्यात गेल्या होत्या.

लॅपटॉप पिशवीत घालून ते स्टेशनरोडला सायरा पिंजारीच्या दुकानात गेले. सोबत अध्यक्षांचं परवानगीपत्र होतं, कारण संस्थेची कागदपत्रं कंपाउंडबाहेर नेऊ नयेत असा २०३५ चा ठराव होता. त्या ठरावामुळेच इतिवृत्तं इंटरनेटच्या ढगातही ठेवता येत नव्हती. ढग कंपाउंडबाहेर होता.

सायरा पंचेचाळिशीची. आजोबा गाद्या पिंजायचे, बाप रेडिओ दुरुस्त करायचा, ही हरवलेलं शोधायची.

"आलात काका? मी कालच म्हटलं, शेहेचाळीस झाले, अत्तरदेकाका येतील."

"बॅकअप आणलाय." अत्तरद्यांनी फडक्यात गुंडाळलेली दुसरी चकती काढली. ती घरातल्या सगळ्यात गार जागी, गव्हाच्या कोठीमागे ठेवलेली असे. फडक्यातून थोडे गहूही सांडले.

सायराने दोन्ही चकत्या यंत्रात लावल्या. "हिच्यातही भोकं आहेत. हिच्यापेक्षा कमी, पण आहेत. दोन्ही मिळून बरंच जमेल. उरलेलं पूरक भरेल."

'पूरक' हे कंपनीचं उत्तर होतं. चकत्यांचं मरणं थांबवता येईना, म्हणून कंपनीने मेलेल्यांना उठवण्याचा कार्यक्रम काढला. लग्नाची पत्रिका फाटलेली असली तरी 'आमचे येथे श्री' याच्या पुढे काय असणार हे आपल्याला कळतं, तसंच. लिहिणारा माणूस कसा लिहितो हे पूरक आधी समजून घेई, मग तसल्या प्रकारचं लिखाण जगभर कसं चालतं ते पाही, आणि भोकाच्या जागी सर्वांत संभाव्य मजकूर भरी. भरलेलं करड्या रंगात दिसे, म्हणजे मालकाला कळावं की हे आपलं नाही.

"मागच्या वेळचा बॅकअप आहे का, काका? त्याच्या मागच्या वेळचा? मूळ चकती?"

"नाही. दर गुरुवारी नवीन घेतो आणि जुना पुसतो."

"पुसता कशाला?"

अत्तरद्यांना या प्रश्नाचं नवल वाटलं. "कंट्रोलमध्ये एका सेक्शनला दोन हुकूम जिवंत ठेवले, तर गाड्या समोरासमोर येतात. नवा निघाला की जुना रद्द."

सायराने टेबलावर सांडलेले गहू गोळा केले. "आणि नवा घेताना करडा रंग?"

"आपल्या प्रतीत रंग नसतो. निबंधक कार्यालयाला काळंच लागतं."

सायरा कामाला लागली. दोन तासांनी लॅपटॉप परत दिला. अत्तरद्यांनी घरी येऊन पानं मोजली. तीनशे बारा. बरोबर भरली. त्यांनी त्याच गुरुवारी नवा बॅकअप घेतला आणि जुना पुसला.

*

सप्टेंबरात वार्षिक सभा होती. निबंधक कार्यालयाने यंदा पंचवीस वर्षांची इतिवृत्तं एकत्र मागवली होती आणि ती सभेने एकदम कायम करून द्यावीत असं कळवलं होतं. अत्तरद्यांनी नोटीस काढली. विषय पहिला : सन २०१९ ते २०४३ ची इतिवृत्ते वाचून कायम करणे. सोबत तीनशे बारा पानं सगळ्या सभासदांना पाठवून दिली.

इथे संस्थेची एक रीत सांगितली पाहिजे. पहिला विषय पुकारला की अध्यक्ष विचारतात, "वाचले असे समजायचे का?" सगळे मान हलवतात, आणि न वाचलेलं इतिवृत्त कायम होतं. पंचवीस वर्षांत ते एकाच सभासदाने वाचलं. झांबऱ्यांनी.

मधुकर झांबरे दुसऱ्या मजल्यावर राहत. ते इंजिन ड्रायव्हर. नोकरीतली तीसेक वर्षं अत्तरदे कंट्रोलमधून फोनवर सांगत, आणि झांबरे त्याप्रमाणे थांबत किंवा निघत. अरे-तुरेतली दोस्ती. 'प्रस्थान'मध्ये घरंही दोघांनी ठरवून घेतली, वरखाली. आणि २०३२ च्या सभेत गच्चीवरच्या टाकीला पांढरा रंग द्यावा की नाही यावर झांबरे बोलले. अत्तरद्यांनी लिहिलं : 'श्री. झांबरे यांनी तावातावाने मत मांडले.' २०३३ ला इतिवृत्त कायम करायची वेळ आली तेव्हा झांबरे उठले.

"मी तावातावाने बोललो नव्हतो. हे अत्तरदे इतिवृत्त लिहीत नाहीत, रचतात."

चौतीस वर्षं ज्याच्या नोंदीवर गाड्या धावल्या, त्याला हे वाक्य लागलं. अत्तरदे माफीची वाट बघत राहिले. झांबरे 'तावातावाने' खोडण्याची वाट बघत राहिले. अकरा वर्षं झाली. लिफ्टमध्ये दोघं सापडले तर लिफ्टशी बोलत.

"लिफ्ट, तिसऱ्या मजल्यावरच्यांना सांग, त्यांच्या एसीचं पाणी आमच्या तुळशीत पडतं."

"लिफ्ट, दुसऱ्या मजल्यावरच्यांना सांग, तुळशीला पाणी लागतंच."

लिफ्ट नम्रपणे विचारे, "कोणता मजला?"

दोघांच्या बायका, कुमुदबाई आणि सिंधूताई, मात्र रोज सकाळी एकत्र भाजी घ्यायच्या. भांडण इतिवृत्तातलं होतं, भाजीतलं नव्हतं.

नोटीस निघाल्यावर आठ दिवसांनी अध्यक्ष नलिनी बऱ्हाटे वर आल्या. निवृत्त मेट्रन, अजूनही कोणाच्या घरात शिरल्या की आधी खिडक्या उघडत. त्यांनी खिडकी उघडली आणि पत्र पुढे केलं.

"झांबरेभाऊंचं. तुम्हाला उद्देशून आहे, पण माझ्या मार्फत."

पत्र असं होतं : 'मा. अध्यक्ष यांस. इतिवृत्त पान १८७ अन्वये, २०३३ च्या सभेत मी सचिवांची जाहीर दिलगिरी व्यक्त केली व त्यांच्या प्रामाणिक लेखनाचे कौतुक केले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. असे असताना मा. सचिव गेली अकरा वर्षे माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. माफी मागितलेल्या माणसाशी असे वागणे कोणत्या उपविधीत बसते, याचा खुलासा व्हावा.'

अत्तरद्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग लॅपटॉप उघडून पान १८७ काढलं. तिथे सगळं होतं, टाळ्याही होत्या. पान १७९ वर झांबऱ्यांनी टाकीविषयी 'नम्रपणे' मत मांडलेलं होतं.

ते रात्रीच्या जेवणापर्यंत वाचत बसले. स्वतः लिहिलेलं त्यांनी पहिल्यांदाच सलग वाचलं, आणि ते त्यांनी लिहिलेलंच नव्हतं. पार्किंगवरून दोन वर्षं चाललेली हमरीतुमरी 'सविस्तर चर्चे'त मिटली होती. लिफ्टच्या ठेकेदाराला बघून घेण्याची भाषा करणारे कै. सरोदे त्याचा सत्कार करत होते. जिथे तिथे सर्वानुमते. अशी संस्था भुसावळातच काय, भूतलावर कुठे नव्हती.

"यात माझंही नाव आहे," कुमुदबाई त्यांच्या खांद्यावरून वाचत म्हणाल्या. "२०२९. 'सभेच्या चहापानाबद्दल सचिवांनी सौ. अत्तरदे यांचे मनःपूर्वक आभार मानले.' हे कधी मानलेत?"

"मानले नव्हते."

"तरी म्हटलं."

*

"तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा शंभरातली पाच वाक्यं पूरकने भरली," सायरा म्हणाली. "तुम्ही ती काळी करून पुन्हा साठवली. दुसऱ्या वेळी पूरकला वाटलं, ही काकांचीच. त्यांच्यावरून त्याने आणखी भरली. तिसऱ्या वेळी त्यांच्यावरून आणखी. दह्याला विरजण लावतो ना, तसं. कितव्या विरजणात पहिलं दूध किती उरलं, कोण सांगणार?"

"पण सगळं गोडच कसं झालं?"

"पूरक खोटं बोलत नाही, काका. जगभर इतिवृत्तांत जे सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं असतं, ते भरतं. लोक सभेत भांडतात, पण लिहिताना सर्वानुमते लिहितात. तुम्ही एकटे खरं लिहीत होतात, म्हणून तुमचं गेलं. त्याला ती चूक वाटली."

"मूळ मिळेल?"

"नाही. तिसऱ्या वेळी पूरकने कुठे कुठे भरलं, त्याची यादी देते. दोनशे नऊ जागा. आधीच्या दोन वेळांचं काही नाही." तिने यादी पुढे केली. "खरं सांगू? मूळ परत मागायला फार कोणी येत नाही. मागच्या महिन्यात एक बाई आली होती. नवऱ्याच्या चिठ्ठ्या भरून दिल्या होत्या मी. तो आयुष्यात एवढं कधी बोलला नव्हता. म्हणाली, आता चकती पुन्हा बिघडेपर्यंत मी वाट बघणार."

अत्तरदे यादी घेऊन घरी आले. यादी वाचताना त्यांच्या लक्षात आलं की काहीही करायची गरज नव्हती. अकरा वर्षं हवी होती ती माफी काळ्या अक्षरांत समोर होती. सभेत मान हलली की ती कायम होणार होती. खुलासा म्हणून 'नजरचुकीने राहून गेले' एवढं लिहिलं की झांबऱ्यांचं पत्रही निकालात निघत होतं. उलट खरं सांगायचं ठरवलं, तर इतिवृत्तं रचलेली आहेत असं भर सभेत, स्वतःच्या तोंडाने सांगावं लागत होतं. म्हणजे झांबरे बरोबर होते, असं.

त्यांनी खुलासा लिहायला घेतला. 'नजरचुकीने' या शब्दावर आले, तेव्हा कुमुदबाई भाजीची पिशवी घेऊन घरात शिरल्या. पिशवी ओट्यावर न ठेवता त्या तशाच येऊन बसल्या.

"झांबरेभावोजी शुक्रवारी नाशिकला चाललेत. मेंदूच्या डॉक्टरकडे."

"का?"

"त्यांना ती माफी आठवत नाही ना. सिंधूताई सांगत होती, पत्र जोरात लिहिलं खरं, पण त्या दिवसापासून गप्प आहेत. म्हणतात, एवढ्या लोकांसमोर माफी मागितली, टाळ्या पडल्या आणि मला काही आठवत नाही, तर अजून काय काय गेलं असेल. काल बसून इटारसीपर्यंतची सगळी स्टेशनं म्हणून बघितली."

"आली?"

"सगळी आली. तरी झोपले नाहीत."

अत्तरदे म्हणाले, "पण तो म्हणू शकतो ना, की लिहिलंय तेच चुकीचं आहे. 'अत्तरदे रचतात' हे वाक्य तर त्याला तोंडपाठ आहे."

"तेच तर तिने विचारलं त्यांना. तर म्हणाले, अत्तरद्याने माझ्याविरुद्ध काही खोटं लिहिलं असतं तर समजलो असतो. पण न मागितलेली माफी लिहून तो भांडण कशाला मिटवील? तेवढा मोठा माणूस नाही तो."

अत्तरद्यांनी लॅपटॉप मिटला. सभा गुरुवारी होती. दर गुरुवारी ते बॅकअप घेत. त्या गुरुवारी घेतला नाही.

*

सभा पार्किंगमधल्या हॉलमध्ये, संध्याकाळी पाचला. सहा जण आले. गणपूर्तीला अकरा लागत होते. नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, तेच सहा जण, कायदेशीर सभा म्हणून पुन्हा बसले. पंख्याची हवा एकाच बाजूला येत होती, म्हणून बऱ्हाटेबाईंनी सगळ्यांना टेबलाभोवती ओढून घेतलं. अत्तरदे आणि झांबरे यांच्या खुर्च्या त्यामुळे अकरा वर्षांत पहिल्यांदा शेजारी आल्या. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"विषय पहिला," बऱ्हाटेबाई म्हणाल्या. "वाचले असे समजायचे का?"

माना हलणार एवढ्यात अत्तरदे उठले.

"वाचलेलं नाही. एक सभासद सोडून कोणी वाचलेलं नाही. मीही नव्हतं वाचलं. यातलं बरंचसं मी लिहिलेलं नाही."

त्यांनी चकत्या, भोकं, पूरक सगळं सांगितलं. जुना बॅकअप पुसण्याची आपली पद्धतही सांगितली. त्यावर कोपऱ्यातून कोणीतरी "अरेरे" म्हणालं. मग त्यांनी कागद काढला.

"पान एकशे सत्त्याऐंशी. तिथे झांबरे यांनी दिलगिरी व्यक्त केली असं आहे. झांबरे यांनी दिलगिरी व्यक्त केलेली नाही. ते म्हणाले होते," अत्तरद्यांनी चष्मा नीट केला, कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं, "'मी तावातावाने बोललो नव्हतो. हे अत्तरदे इतिवृत्त लिहीत नाहीत, रचतात.' मी तेव्हा जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. यंत्राने ते काढलं. ते परत घालावं, अशी माझी सूचना आहे."

बऱ्हाटेबाईंनी सूचना लिहून घेतली.

झांबरे भिंतीकडे बघतच म्हणाले, "अध्यक्षांनी सचिवांना विचारावं, हे नक्की का?"

"नक्की का, अत्तरदेभाऊ?"

"अध्यक्षांनी सांगावं, अक्षर न् अक्षर."

"म्हणजे मी माफी मागितली नव्हती."

"नव्हती, असं कळवावं."

झांबऱ्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, डोळेही त्यातच पुसून घेतले. "अध्यक्षांनी नोंद घ्यावी, माझं डोकं शाबूत आहे. उद्याचं नाशिकचं रद्द."

"ते इतिवृत्तात नको," बऱ्हाटेबाई म्हणाल्या. "पण दाखवून या एकदा. बीपी तरी बघतील."

"आणखी एक," अत्तरदे उभेच होते. "पान एकशे एकोणऐंशी. तिथे यंत्राने 'नम्रपणे' घातलंय. माझा शब्द 'तावातावाने' होता. पण परवा आठवायला बसलो, तर आता खात्री देता येत नाही. बारा वर्षं झाली. कदाचित नसतीलही तावात. तो शब्द सभेने म्हटल्यास मी खोडतो."

सगळ्यांनी झांबऱ्यांकडे बघितलं. त्यांनी रुमालाची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"खोडू नये. अध्यक्षांनी लिहून घ्यावं," ते म्हणाले. "तावातच होतो मी. टाकीवर चढून आलो होतो त्या दिवशी. हात लावला तर फोड आला. तावात नाही तर काय असणार माणूस?"

बऱ्हाटेबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. "मग मी ठराव काय लिहू? दोनशे नऊ जागा आहेत. प्रत्येक ठिकाणी कोण काय बोललं हे आता आठवून लिहायचं, तर आपण पुढच्या दिवाळीपर्यंत इथेच."

"त्या जागा रिकाम्या ठेवा," अत्तरदे म्हणाले. "इथे काय झालं ते आम्हाला माहीत नाही, असं लिहा."

"निबंधक चालवून घेतील?"

"ते तरी कुठे वाचणार आहेत," झांबरे म्हणाले. हे त्यांनी अध्यक्षांना उद्देशून म्हटलं नव्हतं. कोणालाच उद्देशून म्हटलं नव्हतं. अत्तरद्यांना मात्र हसू आलं, आणि ते लपवण्यासाठी ते घाईघाईने खाली बसले.

सूचक झांबरे, अनुमोदक अत्तरदे. ठराव मंजूर. पंचवीस वर्षांतला हा पहिला ठराव, जो मंजूर होण्यापूर्वी सगळ्यांनी ऐकला होता. बऱ्हाटेबाई सह्यांचा कागद फिरवू लागल्या. तो अत्तरद्यांकडे आला. त्यांनी सही केली, आणि टेबलावर ठेवण्याऐवजी अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो हातानेच शेजारी दिला. झांबऱ्यांनी तो घेतला. सही केली. पेनाला टोपण लावलं. मग थोडे अत्तरद्यांकडे वळले, त्यांच्या कानाशी वाकले, आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"अत्तरदे, जरा खुर्ची उचल. मघापासून तू माझ्या चपलेवर बसलायस."